तळ्यावर तू मला काहीच सांगितलं नाहीस

बावतीस, मेल्या,

'मेल्या' लिहिलं आणि हात थांबला. तू कडेवर होतास तेव्हापासून तुला मेल्या म्हणत आले. दूध सांडलंस की मेल्या, शाळेतून पळून आलास की मेल्या, माझ्या ड्राइव्हवेतला बर्फ मला न विचारता शोव्हल करून गेलास तरी मेल्या. आता तो शब्दसुद्धा तू घेऊन गेलास. राहू दे. खोडत नाही. रागाने लिहायला बसलेय, रागानेच लिहिणार.

तुझ्या मिस्साला चर्च भरलं होतं. ब्रॅम्पटनची आपली सगळी माणसं, वॉनच्या वेअरहाऊसमधले तुझे फोर्कलिफ्टवाले, कोण कोण. नंतर खाली हॉलमध्ये कॉफी आणि सँडविच. तिथे एकेक जण येऊन माझा हात धरायचा आणि म्हणायचा, "बाय, तुम्ही मोठ्या मनाच्या. भावाने डायलिसिस बंद करायचं ठरवलं, तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही त्याला अडवलं नाही. आमच्याने झालं नसतं."

मला सांगितलं? कधी? कुठे?

"तळ्यावर," सगळे म्हणाले. तुझी शेरिल इंग्लिशमध्ये म्हणाली, "आँटी, डॅड टोल्ड यू अॅट द लेक, राइट?" पोरीचे डोळे सुजलेले. मी मान हलवली. काय करणार? तिच्या बापाला मातीत ठेवून तासही झाला नव्हता, आणि मी तिला सांगू की तुझा बाप खोटं बोलला?

म्हणून आता तुलाच विचारते. त्या तळ्यावरचा दिवस मी जपमाळेच्या मण्यांसारखा पुन्हा पुन्हा फिरवलाय. सकाळपासून परत येईपर्यंत. त्यात ते वाक्य कुठेच नाही.

गुरुवार होता. मंगळवार, गुरुवार, शनिवार तुझी मशीन. हे मला माझ्या गोळ्यांपेक्षा पाठ. तू हॉर्न वाजवलास तेव्हा मी नाइटीवर स्वेटर चढवून दारात आले.

"आज कसा काय तू? मशीन?"

"वेळ बदलली त्यांनी. उद्यावर गेली. चल लवकर, तळं गोठायच्या आत एकदा बसू."

"आत्ता? एवढ्या थंडीत? वेड लागलंय?"

"बाय, दोन पँट घाल. आणि ती सुकेळी आली आहेत ना गावाहून, ती घे."

वेळ बदलली त्यांनी! किती सहज म्हणालास. आरशात बघून मागे गाडी घेत होतास, म्हणून माझ्या तोंडाकडे बघावंही लागलं नाही तुला. मी विंटर टायर लावलेस का ते विचारत बसले. लावले होतेस. ते मात्र लावले होतेस! थोड्या दिवसांनी जगातून उठून जायची तयारी करणारा माणूस विंटर टायर लावतो, यावरून तरी मला काय कळायचं होतं?

आणि सुकेळी. त्याचा राग सगळ्यात मोठा आहे, तो आधी काढते.

तुझ्या किडन्या गेल्यापासून केळं बंद. वसईचा माणूस आणि केळं बंद! बटाटा बंद, संत्रं बंद, पाणी मोजून. पहिल्या वर्षी तू ग्रोसरीत केळ्यांच्या बाजूने न जाता लांबून वळसा घालायचास. मला वाटायचं, सगळा प्रश्न पाण्याचा आहे. किडनीला पाणी उपसता येत नाही, म्हणून रसाची फळं नकोत. मग सुकेळ्यात काय आहे? राजेळी केळी सोलून उन्हात सुकवलेली, पाण्याचा थेंब नाही. गावाहून भाची आली की पानात बांधलेली जुडी आणायची, आणि मी ती तुझ्यापासून लपवून ठेवायचे, उगाच तुझा जीव नको जळायला म्हणून. तुला कसा पत्ता लागला कोण जाणे, त्या दिवशी तूच मागितलीस. गाडीत मी विचारलं, "चालतं का रे तुला?"

"सुकं आहे ना. सुकं चालतं."

मी म्हटलं, बघ! मला वाटलंच होतं. इतकी वर्षं उगाच लपवली.

तळ्यावर तू तीन खाल्लीस. एकामागून एक, डोळे मिटून. मी माझ्या हाताने पान सोडवून दिली. आणि परवा शेरिल मला समजावत होती, की पाणी जातं पण ते पोटॅशियम की काय ते राहतं, उलट आटून जास्त होतं. हृदयाला तेच वाईट. ती म्हणाली, त्याने काही फरक पडला नाही, आँटी, डॅडने ठरवलंच होतं. तिला नसेल पडला. मला पडतो. तुला माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं, आणि तू माझ्या हातातून घेऊन खाल्लंस. मी आईसारखी बघत राहिले, पोराला कशी भूक लागली आहे म्हणून खूश होत.

खाऊ दिलं असतं रे मी. सांगून मागितलं असतंस तर रडत रडत दिलं असतं.

रिचमंड हिलच्या वर ते तुझं तळं. पार्किंग लॉटमध्ये आपल्याशिवाय एकच ट्रक, तुझ्यासोबत मासे पकडणाऱ्या त्या गुरमीतपाजींचा. कडेने काचेसारखा पातळ बर्फ धरलेला, पण जिथून ओढा आत येतो तिथलं पाणी उघडं, काळं. तू दोन फोल्डिंग खुर्च्या लावल्यास, माझ्या पायावर ब्लँकेट टाकलंस, आणि गळाच्या दोऱ्यावर तरंगणारा फ्लोट काढलास. लाल टोकाचा, काडीएवढा. दोऱ्याला शिशाचे बारीक मणी दातांनी दाबत बसलास. मी ओरडले, शिसं तोंडात घालू नको! तू म्हणालास, "आता काय होणार आहे?" मी म्हटलं, काय होणार म्हणजे, विष आहे ते. तू हसलास. त्या हसण्यावर मी आता रात्रंदिवस दात खाते.

एवढे मणी लावायचे की फ्लोटचं फक्त टोक वर राहावं, हे तू मला शिकवलंस. उन्हाळ्यात मासा खेचून नेतो, लहान मुलालाही कळतं. थंडीत मासा आळशी. तो नुसता तोंड लावतो. तळाशी पडलेला मणी त्याने जरा उचलला की वजन कमी होतं आणि फ्लोट बुडायच्या ऐवजी वर येतो, आडवा पडतो.

"वर आला की ओढायचं, बाय. बुडायची वाट बघत बसलीस तर गेला."

मी दोनदा चुकले. माझं लक्ष कुठे? मी बोलत होते. थर्मासमधला चहा तू दोन कप भरून प्यालास, मला तेव्हाही कळलं नाही. मी म्हटलं, पाणी मोज. तू म्हणालास, उद्या मशीन काढेल सगळं. पुन्हा खोटं.

गुरमीतपाजी पलीकडून ओरडले, "बहनजी, आपके भाई को समझाओ! मछली पकड़ता है, सॉरी बोलता है, छोड़ देता है!"

"मैं तो कबसे समझाती हूँ, पाजी! इसका दिमाग फिरेला है!"

"मेरे को दे दिया करो, मैं खा लूँगा!"

"पाजी, पहले बोलो ना, डायरेक्ट आपके फ्रीजर में भेज देता!" तू ओरडलास. हसलो तिघं मिळून आपण. हे मला आठवतं आणि मग मी पुन्हा चिडते, कारण मला तो दिवस चांगलाही आठवतो. तेवढंही सरळ ठेवलं नाहीस माझ्यासाठी.

आपलं ते भांडण अर्धंच राहिलं. मासे सोडून द्यायचं. तुला तो कार्प लागला, चांगला हातभर, थंडीने जड झालेला, भांडतही नव्हता धड. मी जाळी धरली होती. तू ती माझ्या हातातून डाव्या हाताने घेतलीस. डाव्या! ज्या हातात मशीनची नस केलेली, ज्या हाताने तू दुधाची पिशवी उचलायचा नाहीस. मी म्हटलं, तो हात, तो हात! तू म्हणालास, "आज चालतं." तुला सगळंच चाललं त्या दिवशी.

मग तू हातमोजे काढून हात त्या गोठलेल्या पाण्यात बुडवलेस. कोरड्या हाताने माशाला धरलं तर त्याच्या अंगावरचं बुळबुळीत निघून जातं आणि तो मागाहून मरतो, म्हणे. लाल झालेले हात तसेच धरून गळ काढलास.

"घरी ने," मी म्हटलं.

"नाही."

"वसईच्या बाईसमोर एवढा मासा पाण्यात टाकतोस, लाज वाटत नाही?"

"चिखलाचा वास येतो गं त्याला."

"चिंच लाव, हळद लाव, बाटली मसाला लाव. वासाचा बाप जाईल. तुला खायचा नाही तर पकडतोस कशाला? त्याला तेवढा त्रास?"

तू त्याला पाण्यात धरून ठेवलास, कल्ले हलेपर्यंत. मग सोडलास. तो लगेच गेला नाही. जरा वेळ तुझ्या हातापाशीच थांबला. तू बघत राहिलास आणि म्हणालास, "बाय, एक सांगू?"

इथे. हेच ते ठिकाण. बाकी सगळा दिवस मी चाळला, हे एकच सापडलं. तू "एक सांगू?" म्हणालास, आणि मी म्हटलं, "आधी हात पूस, गारठला आहेस," आणि ब्लँकेट काढून तुझ्या हातांना गुंडाळलं, आणि मग मामाच्या मुलाची गोष्ट सुरू झाली, बोटं गोठून कशी काळी पडली ती. त्यातून नाताळच्या करंज्या. त्यातून तुझ्या जावयाच्या कंडो फ्लॅटचं. मी बोलते. सत्तर वर्षं बोलतेय. तुला काय नवीन होतं? तू आयुष्यभर मला मध्ये तोडत आलास. "बाय, श्वास घे." "बाय, स्टेशन आलं, उतर." माझ्या लग्नात पाद्री बोलत असताना मी बोलले, तेव्हाही तू मागून मला चिमटा काढलास. त्या दिवशी तोडायला काय झालं होतं तुला? एकदाच तोडायचं होतंस!

नाही तोडलंस. ब्लँकेटमध्ये हात घालून ऐकत बसलास. मला वाटलं, आज गुणी झालाय.

मग फोनवर खेळ चालू झाला. "सर्दी झालीय बाय, येऊ नकोस, तुला लागेल." "आत्ताच मशीनवरून आलो, दमलोय." मी पेज करून पाठवते म्हटलं, तर जेसिंता आहे ना म्हणालास. आणि तिकडे जेसिंताला, तुझ्या बायकोला, वाटत होतं की मला सगळं माहीत आहे आणि मला बघवत नाही म्हणून मी येत नाही. एका शहरात, दोन बस स्टॉपच्या अंतरावर, दोन बाया एकमेकींना दगडाच्या काळजाची समजत होत्या. हे काम तुझं.

शेवटी मी न सांगता आले. घराला कुलूप; शेजाऱ्यांनी सांगितलं तू हॉस्पिटलमध्ये, तशीच तिथे आले. झोपलेला, तोंड सुजलेलं. मी नर्सला विचारलं, याला मशीनवर कधी नेणार? ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं माझं इंग्लिश समजलं नाही, म्हणून मी हाताने दाखवलं, नळी, सुई. आवाज चढवला. मी सरळ ओरडले तिच्यावर, बिचारीवर. तेव्हा जेसिंताने मला कॉरिडॉरमध्ये नेलं.

"बाय, असं काय करता? त्यांनी तुम्हाला सांगितलंय ना?"

मी तिच्या हातातून हात सोडवून घेतला. आत येऊन तुला हलवलं. "बावतीस, उठ. उठ, मला सांग." तुझे ओठ हलले. पाणी मागत होतास. तुझ्यानंतर मी जेसिंताशी एक अक्षर बोलले नाही. तुझ्यावरचा राग काढायला तू नव्हतास, ती होती.

काल ती आली. टॅक्सीने, एवढ्या बर्फात, डोक्याला स्कार्फ. तुझे मोजे नि स्वेटर पिशवीत भरून, कुणाला द्यायचे विचारायला. मी चहा टाकला. दोघी तुझ्या मोज्यांच्या जोड्या लावत बसलो, आणि मी गप्प बसले की काय होतं तुला माहीत आहे. फुटलेच.

"जेसिंता, त्याने मला सांगितलं नाही. आईची शपथ. त्याने मला काही सांगितलं नाही."

तिने हातातला मोजा खाली ठेवला. "पण बाय, त्या दिवशी ते घरी आले. मी दारातच विचारलं, सांगितलंत का बायला? मी अट घातली होती त्यांना. म्हटलं होतं, बायला सांगितल्याशिवाय मी तुमच्यासोबत डॉक्टरकडे सही करायला येणार नाही. ते म्हणाले, सांगितलं."

"आणि मी काय म्हटलं म्हणे?"

"म्हणाले, बाय रडली नाही. माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, बावतीस, तू खूप सोसलंस. तुझी मर्जी ती माझी मर्जी."

चहा उतू गेला, स्टोव्हवर सगळा. कोणी उठलं नाही.

अरे, मी असं बोलते का? "तुझी मर्जी ती माझी मर्जी"! सत्तर वर्षांत मी कुणाला असं बोलले आहे? जेसिंतालाही तेव्हा कळायला हवं होतं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, हे बाय बोलणार नाहीत." आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं, आणि मग तिने तुला अशी एक शिवी घातली जी मी चर्चला जाणाऱ्या बाईच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मी दुसरी घातली. आम्ही दोघींनी मिळून तुला धुतलं, बावतीस. दुपारभर. तुझ्या माशांपासून सुरुवात केली, बेसमेंटमध्ये फ्रिजमध्ये ठेवलेल्या अळ्यांच्या डब्यापर्यंत आणली. शेरिलचा फोन आला तर तिला वाटलं, आम्ही भांडतोय. होतोच भांडत. तुझ्याशी.

ती गेल्यावर मी ओटा पुसत बसले आणि ते वाक्य जाईना. तुझ्या मनात होतं तर ते वाक्य. गाडी चालवत घरी येताना तू ते जुळवलंस. हात हातात घेतला, एवढं तर खरंच होतं, ब्लँकेटमध्ये मीच घेतले होते. पुढचं तुला हवं होतं ते तू लावलंस. मला विचारायची हिंमत नाही, म्हणून विचारलंही तूच आणि उत्तरही तूच दिलंस. आणि ते उत्तर घेऊन सही करायला गेलास.

मला कळतं, तू थकला होतास. आठवड्यात तीनदा सुया टोचून घेणारा माणूस थकणार. मशीनवरून आलास की सोफ्यावर कसा पडायचास ते मी पाहिलंय. जेसिंताने तुझे बूट काढायचे. तू कुरकुर केली नाहीस कधी, त्याचाही मला राग आहे, पण त्यासाठी मी तुला मानते. माझा नवरा गेला तेव्हा मला इथे एकटी पडू दिलं नाहीस, मला त्या सेल्फ चेकआऊटच्या मशीनशी बोलायला शिकवलंस, दर थंडीत माझ्या आधी उठून माझा बर्फ काढलास. हे सगळं मी विसरलेले नाही. उलट ते सगळं आहे म्हणूनच एवढी चिडलेय. परक्या माणसाने माझ्या नावावर काही खपवलं असतं तर मी सोडून दिलं असतं.

आता लोक मला मोठ्या मनाची म्हणतात. म्हणू देत. त्यांना मी खरं सांगणार नाही, शेरिललाही नाही. पण तू ऐक. ते उत्तर माझं नाही. ते परत घे.

माझं उत्तर 'नाही' असं आहे. नाही, बावतीस. मशीन सोडायची नाही. मी त्या तळ्यावर उभी राहून ओरडले असते, गुरमीतपाजींनी गळ टाकून धावत यावं इतकं. तुझ्या कोटाला धरून तुला गाडीत घातलं असतं. जेसिंताच्या दारात बसले असते, डॉक्टरच्या दारात बसले असते. तू मला म्हणाला असतास, बाय, पुरे झालं. मी म्हटलं असतं, मला पुरे झालेलं नाही. आणि तू तरी गेला असतास, कारण लहानपणापासून तू माझं कधी ऐकलं नाहीस.

जायचं होतं तर जायचंस. पण माझं 'नाही' ऐकून जायचंस.